बिनचेहऱ्याच्या मालकाचे नोकर

गेल्या सत्रात एम.ए.च्या वर्गात एका विद्यार्थ्याने अंतर्गत मूल्यमापनासाठी निबंध वाचला. विषय त्याने स्वतःच निवडला होता : आंतरजालावरील एका अमेरिकन भयमालिकेतील पात्रांचे परस्परसंबंध. सोबत त्याने एक तक्ता आणला होता. निम्मा फळा व्यापेल एवढ्या त्या कागदावर तीस-चाळीस नावे होती, नावांभोवती चौकटी होत्या, चौकटींना जोडणाऱ्या लाल रेषा होत्या. आणि साऱ्या रेषा जिथे येऊन मिळत तिथे एक काळी, उंच, बिनचेहऱ्याची आकृती होती. वर्गाने टाळ्या वाजवल्या. शेजारी बसलेले सहकारी मला म्हणाले, "बघा सर, आपली मुलं आता स्वतःहून समीक्षा करायला लागली." मी टाळ्या वाजवल्या नाहीत. का वाजवल्या नाहीत, हे त्या दिवशी मला धड सांगता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे ते सांगण्याचा उशिरा केलेला प्रयत्न आहे. लेखाचा रोख त्या विद्यार्थ्यावर नाही, हे आधीच नमूद करतो. रोख त्या तक्त्यावर आहे. असा तक्ता काढायला तो कुठे शिकला, या प्रश्नाकडे शेवटी यावेच लागेल, आणि त्याचे उत्तर आपल्या व्यवसायाला फारसे सुखावह नाही.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. १० जून २००९ रोजी एरिक नुडसन या अमेरिकन गृहस्थाने एका संकेतस्थळावर स्वतः फेरफार केलेली दोन कृष्णधवल छायाचित्रे टाकली. खेळणाऱ्या मुलांच्या मागे, अंधूकसा, अवाजवी उंच, काळ्या सुटातला आणि चेहरा नसलेला एक माणूस. त्याचे नाव 'स्लेंडर मॅन'. दहाच दिवसांनी, २० जून २००९ रोजी, यूट्यूबवर 'मार्बल हॉर्नेट्स' ही मालिका सुरू झाली. अलाबामा राज्यातल्या ट्रॉय वॅग्नर आणि जोसेफ डिलेज या तरुणांनी मित्रांना हाताशी धरून, अत्यल्प खर्चात ती केली. बरोबर पाच वर्षांनी, २० जून २०१४ रोजी, क्रमांक ८७ च्या नोंदीने ती संपली.

कथानक असे. अ‍ॅलेक्स क्रेली हा चित्रपटाचा विद्यार्थी २००६ साली 'मार्बल हॉर्नेट्स' नावाचा एक चित्रपट करीत असतो. काम अर्ध्यावर टाकून तो साऱ्या फिती जाळून टाकायला निघतो. जे हा मित्र त्या त्याच्याकडून मागून घेतो. तीन वर्षांनी तो त्या पाहू लागतो आणि त्यांतले तुकडे महाजालावर चढवू लागतो. फितींत मधूनच तो उंच माणूस दिसतो. तो दिसला की चित्र फाटते, आवाज खरखरतो, माणसे खोकू लागतात आणि पुढे त्यांना काही आठवत नाही. त्या विद्यार्थी-चित्रपटातला एक नट टिम हा पांढऱ्या मुखवट्याआडून वावरणारा माणूस निघतो. दुसरा एक टोपीवाला माणूस आहे. त्याची ओळख फार उशिरा पटते. 'टूदार्क' या नावाने कुणीतरी सांकेतिक चित्रफिती प्रसृत करीत राहते. पुढे जे एका हॉटेलच्या खोलीत जागा होतो आणि आपल्या आयुष्यातले सात महिने नाहीसे झाल्याचे त्याच्या लक्षात येते.

आता तो सिद्धान्त. इंग्रजीत यास 'फॅन थिअरी' म्हणतात; या विशिष्ट सिद्धान्तास मी 'हस्तक-सिद्धान्त' म्हणेन, कारण त्याचा मध्यवर्ती शब्द 'प्रॉक्सी' असा आहे. सिद्धान्त सांगतो की स्लेंडर मॅन स्वतः फारसे काही करीत नाही. तो माणसांची मने काबीज करून त्यांना हस्तक बनवतो. मुखवटेवाला टिम हस्तक, टोपीवाला हस्तक. २०१० साली सुरू झालेल्या 'एव्हरीमॅन हायब्रिड' आणि 'ट्राइब ट्वेल्व्ह' या मालिकांत जी माणसे विचित्र वागतात तीही हस्तक. मालिकांशी संबंधच नसलेल्या, आंतरजालीय भयकथांतून आलेला टिकी टोबी नावाचा मुलगा, तोही हस्तक. सारे एका मालकाचे नोकर. आणि ते जंगलातल्या एका प्रशस्त वाड्यात एकत्र राहतात. चाहत्यांनी मुखवटेवाल्याचे नाव 'मास्की' आणि टोपीवाल्याचे 'हूडी' ठेवले, त्यांचे स्वभाव ठरवले, भांडणे ठरवली, मास्कीला चीजकेक प्रिय असल्याचेही ठरवले. माझ्या विद्यार्थ्याचा तक्ता हा या साऱ्याचा सुबक, रंगीत सारांश होता.

न्यायाने सांगायचे तर, 'एव्हरीमॅन हायब्रिड' आणि 'ट्राइब ट्वेल्व्ह' यांच्या निर्मात्यांनी आपली पात्रे एकमेकांच्या मालिकांत स्वेच्छेने नेलेली आहेत. तिथे जोडणी संहितेतच आहे. माझी तक्रार नाही. तक्रार 'मार्बल हॉर्नेट्स'विषयी आहे. या मालिकेच्या कथेत 'प्रॉक्सी' हा शब्द नाही. 'स्लेंडर मॅन' हेही नाव नाही. तिथल्या आकृतीला 'ऑपरेटर' म्हटले जाते, आणि ती कुणाला आज्ञा देताना, कुणाला नेमताना, कुणाकडून काही अपेक्षिताना एकदाही दिसत नाही. ती नुसती उभी असते. मालिकेचे सारे भय या नुसत्या उभे असण्यात आहे. हस्तक-सिद्धान्ताने तिला पहिल्याच झटक्यात एक खुर्ची, एक कार्यालय आणि एक कर्मचारीवर्ग दिला.

पण संहितेत एखादा शब्द नाही, एवढ्यावरून कुठलाही अन्वयार्थ बाद होत नाही, हे मलाही मान्य आहे. म्हणून सिद्धान्त संहितेचे काय करतो, ते पाहू. टिमजवळ औषधाची बाटली असते. लहानपणी तो रुग्णालयात होता. त्याचे जुने वैद्यकीय कागद मालिकेत उघडे पडतात, आणि ते आपल्या परवानगीवाचून उघडे पडले याचा त्याला येणारा संताप हा मालिकेतला सर्वांत खरा संताप आहे. हा माणूस आजारी आहे, आजाराची त्याला लाज आहे, आपल्यामुळेच हे सारे इतरांपर्यंत पोचले असावे अशी भीती त्याला पोखरते आहे, आणि तरीही रोज गोळ्या घेऊन तो माणसासारखा जगू पाहतो आहे. आता त्याला 'हस्तक' म्हणा. गोळ्यांचे काय झाले? कागदांचे काय झाले? लाजेचे काय झाले? गोळ्या म्हणजे मालकाचा ताबा सैल करणारे रसायन, कागद म्हणजे भरती केव्हा झाली याचा पुरावा, आणि लाज? लाजेला तक्त्यात चौकटच नाही.

दुसरा तपशील. मुखवटेवाला आणि टोपीवाला हे वारंवार कुणाच्या वाटेत उभे राहतात? अ‍ॅलेक्सच्या. अ‍ॅलेक्स जेव्हा जे आणि जेसिका यांना बंदुकीच्या धाकात धरतो, तेव्हा त्याच्यावर झडप घालतो तो मुखवटेवालाच. म्हणजे ज्यांना नोकर ठरवले ते संहितेत माणसे वाचवण्याचा, भले वेडावाकडा, प्रयत्न करतात. आणि ज्याला सिद्धान्ताने नीट पाहिलेच नाही तो, बिनमुखवट्याचा, चष्मा घातलेला, साधा दिसणारा अ‍ॅलेक्स, माणसे मारतो. बोगद्यात एका अनोळखी वाटसरूला दगडाने ठेचणारे हात त्याचे आहेत. जेला गोळी घालणारा हात त्याचा आहे. मुखवटा म्हणजे दुष्ट आणि उघडा चेहरा म्हणजे बळी, हे समीकरण मालिकेने पाच वर्षे खपून मोडले, आणि चाहत्यांनी ते एका शब्दात पुन्हा सांधले.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. अ‍ॅलेक्स हे सारे का करतो? त्याच्याजवळ एक सिद्धान्त आहे. ज्यांना ज्यांना या आकृतीचा संसर्ग झाला ते सारे एकमेकांशी जोडलेले आहेत. जोडलेल्या साऱ्यांना संपवले तरच हे थांबेल. आणि साऱ्याचा उगम टिम आहे. विखुरलेल्या अनुभवांतून त्याने एक साखळी तयार केली, साखळीला उगम शोधला, आणि मग साखळीतल्या माणसांकडे माणसे म्हणून पाहणे त्याला आवश्यक वाटेनासे झाले. हाच तो तक्ता! चौकटी, लाल रेषा, मध्यभागी उगम. सर्व पात्रांना जोडणारा पहिला सिद्धान्तकार मालिकेच्या आतच आहे आणि तो खुनी आहे. मालिका त्याला बरोबर ठरवीत नाही. शेवटी टिमच्या हातून अ‍ॅलेक्स मरतो, आणि उगम ठरवला गेलेला टिम आजारासह, अपराधभावासह जिवंत राहतो. त्याला कुठल्याही तक्त्यात जागा नाही, हाच मालिकेचा शेवट आहे. ज्या कलाकृतीने असे जोडणे किती भयंकर ठरू शकते हे दाखवले, तिच्यावरच तसली जोडणी लादणे म्हणजे अ‍ॅलेक्सच्या हातून निसटलेले काम पुरे करणे होय.

यावर तीन आक्षेप येतील. वर्गात ते आलेच होते. एकेक घेऊ.

पहिला आक्षेप वाचकाच्या स्वातंत्र्याचा. रोलां बार्थ यांनी १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, तेव्हा आता अर्थ वाचकाचा, असे आपण सारेच शिकवतो. पण बार्थ यांची तक्रार काय होती? संहितेला लेखक बहाल केला की तिला कुलूप लागते, सारे अर्थ एका अंतिम अर्थाशी येऊन थांबतात, ही. मग हस्तक-सिद्धान्त काय करतो? तो प्रत्येक घटनेमागे एक कर्ता बसवतो. टिम खोकला, मालकाची इच्छा. चित्र फाटले, मालकाची इच्छा. ब्रायन गप्प राहिला, मालकाची इच्छा. हा मेलेला लेखकच आहे. काळा सुट घालून, चेहरा पुसून परत आलेला. वाचकाच्या स्वातंत्र्याच्या नावाने त्याला पुन्हा गादीवर बसवणे यात विनोद असला तरी स्वातंत्र्य नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मालिका स्वतःच कोडी घालते, सांकेतिक चित्रफिती प्रसृत करते. मग प्रेक्षकांनी तर्क करू नयेत काय? अवश्य करावेत. टोपीखाली ब्रायन असावा, हा तर्क चाहत्यांनी आधीच लढवला होता. तो उत्तम तर्क होता, आणि तो उत्तम का होता हे पाहण्यासारखे आहे. एक तर तो चुकू शकत होता : टोपी उतरली असती आणि खाली दुसराच कुणी निघाला असता. हस्तक-सिद्धान्त चुकूच शकत नाही. पात्राने आज्ञा पाळली तर हस्तक, मोडली तर बंडखोर हस्तक, काहीच केले नाही तर सुप्त हस्तक. ज्याला खोटे पाडणारा एकही पुरावा कल्पिता येत नाही त्याला सिद्धान्त म्हणण्यापेक्षा श्रद्धा म्हणावे. दुसरे असे की, ब्रायनविषयीचा तर्क खरा ठरला तेव्हा मागचे सारे तपशील अधिक जड झाले. टिमने ज्याचा पाठलाग केला आणि त्या पाठलागात जो पडून मेला, तो त्याचाच मित्र होता. एका जोडणीने केवढे दुःख उघडे केले! चांगली जोडणी तपशिलाला बोलते करते, वाईट जोडणी त्याला गप्प बसवते. माझी कसोटी एवढीच आहे, आणि ती कादंबरीलाही लागू आहे.

तिसरा आक्षेप लोकसाहित्याच्या अभ्यासकांचा : ही आधुनिक लोककथा आहे, आणि लोककथा अशीच वाढते, एकाची गोष्ट दुसऱ्याच्या गोष्टीला जाऊन मिळते. मिळते, खरे आहे. पण लोककथा पाठभेद शेजारीशेजारी नांदू देते. एका गावची कथा दुसऱ्या गावची कथा खोटी ठरवीत नाही. आपल्याकडे भुतांचा अधिपती वेताळ आहे, हे कोकणात कुणीही सांगेल. तरीही मुंजा हा मुंजाच राहतो. मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत मृत्यू आला, म्हणून तो पिंपळावर आहे. वेताळाने त्याची तिथे नेमणूक केली म्हणून नाही. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ झाली, तर त्या कथेत त्या बाईचे बाळंतपण आहे. लोकमानसाने भुताला अधिपती दिला, पण भुताचे कारण त्याच्यापासून काढून घेतले नाही. ते कारण म्हणजे त्याचे अपुरे राहिलेले आयुष्य. हस्तक-सिद्धान्त नेमके तेच काढून घेतो. टिम का असा आहे? मालकाने केला. ब्रायन का असा झाला? मालकाने केला. संपले.

इथे भयानक रसाचा विषय काढणे मला अपरिहार्य वाटते. रससूत्रावरील चार भाष्यकार आपण परीक्षेपुरते शिकवतो आणि विसरतो. त्यांतला शंकुक म्हणाला की रस अनुमानाने कळतो : चित्रातला घोडा पाहून आपण त्याला घोडा म्हणतो, तसे नटाच्या ठायी भावाचे अनुमान करतो. अभिनवगुप्ताला हे पटले नाही. अनुमानाने ज्ञान होते, आस्वाद होत नाही. धूर पाहून डोंगरावर अग्नी आहे एवढे कळते, अंगाला ऊब लागत नाही. आस्वादाची वाट त्याने साधारणीकरणातून काढली, आणि भयानकाचे उदाहरण म्हणून घेतले ते 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकातले, दुष्यन्ताच्या रथापुढे मान वळवून वळवून पाहत पळणारे हरीण. ते पद्य वाचताना जी भीती जाणवते ती 'मी भ्यालो' अशी नसते आणि 'ते अमुक हरीण भ्याले' अशीही नसते. तिला नाव-गाव, माझे-तुझे उरत नाही. केवळ भय उरते. भय विशिष्ट व्यक्तीला, विशिष्ट स्थळकाळाला बांधून टाकणे हे तो रसास्वादातले विघ्न मानतो.

चाहत्यांचा तक्ता म्हणजे हे विघ्न कागदावर उतरवलेले आहे. ऑपरेटर झाडांच्या ओळीत उभा आहे, ते झाड की माणूस हे क्षणभर कळत नाही, तेवढ्यात चित्र फाटते. त्या क्षणी आपण 'जे'ही नसतो आणि खुर्चीतले आपणही नसतो. तक्ता विचारतो : याची उंची किती, हा राहतो कुठे, याच्या हाताखाली कितीजण? ही चौकशी शंकुकाच्याही मागची आहे. शंकुकाला निदान भावाचे अनुमान करायचे होते, यांना पत्त्याचे करायचे आहे. इंग्रजी समीक्षेने हा रोग फार पूर्वी ओळखला. १९३३ साली एल. सी. नाइट्स यांनी एका निबंधाला 'लेडी मॅकबेथला किती मुले होती?' असे उपहासाचे शीर्षक दिले, ते ए. सी. ब्रॅडली यांच्या परंपरेतल्या याच सवयीला उद्देशून : पात्रांना संहितेबाहेर काढून त्यांची कुळकथा लिहीत बसण्याची सवय. आता त्या प्रश्नाला नव्वद वर्षे उलटून गेली. मास्कीला चीजकेक का आवडतो, हा लेडी मॅकबेथच्या मुलांचाच धाकटा भाऊ आहे.

एवढ्यावर हा वाद रसिकांचा घरगुती वाद म्हणून सोडून देता आला असता. तो सोडता येत नाही, त्याचे कारण सांगतो. ३१ मे २०१४ रोजी, म्हणजे मालिका संपायला वीस दिवस उरले असताना, अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकेशा येथे बारा वर्षांच्या दोन मुलींनी आपल्याच वयाच्या मैत्रिणीला रानात नेऊन तिच्यावर चाकूचे एकोणीस वार केले. ती मुलगी सरपटत रस्त्यापर्यंत आली, एका सायकलस्वाराला दिसली आणि सुदैवाने वाचली. हल्ला करणाऱ्या मुलींनी पोलिसांना सांगितले की त्यांना स्लेंडर मॅनचे 'प्रॉक्सी' व्हायचे होते. हल्ल्यानंतर त्या पायी निघाल्या होत्या. निकोलेटच्या जंगलात त्याचा वाडा आहे आणि तिथे आपल्याला राहायला मिळेल, अशी त्यांची समजूत होती.

या घटनेवरून आंतरजाल, भयकथा, यूट्यूब यांच्या नावाने बोटे मोडणारे लेख तेव्हा जगभर आले. मी त्या सुरात सूर मिसळत नाही. न्यायालयाने त्या मुलींचा मानसिक आजार मान्य केला. त्यांची रवानगी मानसोपचार संस्थेत झाली. सिद्धान्ताने चाकू चालवला, असे म्हणणे मूर्खपणाचे तर ठरेलच, शिवाय त्या आजाराचा अपमानही ठरेल. लाखो मुलांनी हेच वाचले आणि कुणाला ओरखडाही काढला नाही. पण त्या मुलींच्या जबानीतले दोन शब्द बघा : प्रॉक्सी आणि वाडा. दोन्ही 'मार्बल हॉर्नेट्स'मध्ये नाहीत. नुडसनच्या मूळ दोन छायाचित्रांतही नाहीत. दोन्ही सर्वांना जोडू पाहणाऱ्या सामूहिक कल्पनेतून आलेले आहेत. मालिकेतल्या ऑपरेटरकडे कुणाला जाताच येत नाही. तो काही मागत नाही, काही देत नाही, त्याच्याकडे दार नाही. सिद्धान्ताने दार बसवले, आत खोल्या काढल्या, आणि नोकरीच्या अटी लिहिल्या. जिथे कुणी अर्ज करू शकत नव्हते तिथे अर्ज करता येऊ लागला. भयाला ओळखीचे केले की ते निरुपद्रवी होते, असे आपण समजतो. कधी कधी ते फक्त राहण्याजोगे होते.

आणि इथे मला आपल्याकडे वळायचे आहे. माझा विद्यार्थी हे अमेरिकेतून शिकला, असे म्हणून सुटका करून घेणे सोपे आहे. तो हे माझ्याकडून शिकला. गेली पंधराएक वर्षे मी प्रश्नपत्रिका काढतो आहे. 'व्यक्तिरेखांचे परस्परसंबंध स्पष्ट करा', 'साम्यस्थळे दाखवा', 'अमुक पात्र हे तमुक प्रवृत्तीचे प्रतिनिधी आहे, चर्चा करा'. प्रतिनिधी! प्रॉक्सीला याहून नेमका मराठी शब्द कोणता? कादंबरीतली विधवा ही परंपरेने पिळलेल्या स्त्रीची प्रतिनिधी, शेतकरी हा व्यवस्थेने नागवलेल्याची प्रतिनिधी, शहरात आलेला तरुण हा तुटलेपणाचा प्रतिनिधी. चौकटी काढायच्या, लाल रेषा ओढायच्या, रेषा एका मोठ्या, उंच, बिनचेहऱ्याच्या संकल्पनेला नेऊन भिडवायच्या. संकल्पनेचे नाव दर दहा वर्षांनी बदलते. तक्ता बदलत नाही. आपल्या किती प्रबंधांत कुणा टिमच्या गोळ्यांची बाटली अशी हरवली असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आपण चौकटी काढायला शिकवतो आणि मुलाने त्या आवडत्या मालिकेवर काढल्या की एकतर नाक मुरडतो, नाहीतर टाळ्या वाजवतो. दोन्हीही अप्रामाणिक आहे. नाक मुरडणारे म्हणतात, हे साहित्य नव्हे. टाळ्या वाजवणारे म्हणतात, ही समीक्षा आहे. माझ्या मते ते साहित्य आहे, आणि ही समीक्षा नाही.

मग काय करायचे? जोडणी सोडून देता येणार नाही; जोडल्याशिवाय वाचन नाही. पण तक्ता काढण्याआधी विद्यार्थ्याला एक पान लिहायला लावता येईल : या पात्राविषयी असे काय आहे, जे कुठल्याच रेषेवर बसत नाही? टिमची बाटली. जेचे हरवलेले सात महिने, जे मालिका त्याला कधीच पुरतेपणी परत देत नाही. जाळल्या जाणार असलेल्या फिती मागून घेणारा मित्र : भित्रेपणा, कुतूहल, आळस, की प्रेम? हे पान लिहून झाल्यावर रेषा ओढाव्यात. पुष्कळशा रेषा ओढण्याची गरजच उरत नाही, हा माझा नंतरचा अनुभव आहे.

त्या विद्यार्थ्याला मी पुढल्या आठवड्यात बोलावून हे सारे, याहून कमी शब्दांत, सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "सर, पण तक्ता नसता काढला तर मला रात्री झोप नसती लागली. ती मालिका बघून मी फार घाबरलो होतो." मी निरुत्तर झालो, आणि अजूनही थोडा आहे. एवढे प्रामाणिक वाक्य त्याच्या वीस पानी निबंधात कुठेच नव्हते. तक्ता म्हणजे घाबरलेल्या माणसाने लावलेला दिवा होता. दिवा लावायला माझी हरकत नाही. लहानपणी माजघरातून परसात जाताना आपण सर्वांनीच तो लावलेला आहे. पण आपल्याला कशाची भीती वाटली, हे दिव्याचे वर्णन करून कळत नाही. मी त्याला म्हटले, "आता त्या घाबरण्याविषयी लिही." त्याने लिहिले. चारच पाने झाली. त्यांत एकही चौकट नव्हती, आणि त्या पानांना मी, वर्गात कुणी नसताना, टाळ्या वाजवल्या.